रविवारचा मिलर

एका मेलेल्या माणसानं मला ‘हे लिहू नका’ असं सांगितलं आणि मी ते खरंच लिहिलं नाही. माझ्या साऱ्या नोकरीतला हा सगळ्यात मोठा गाढवपणा. लहानसहान गाढवपणे पुष्कळ आहेत, पण ते सांगत बसले तर हा अंक मलाच पुरायचा नाही, मग बाकीच्यांनी कुठं लिहायचं?

त्या माणसाचं नाव वॉल्टर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे, तिथल्या कोळशाच्या खाणींच्या एका गावात तो खाणीत उतरायचा आणि रविवारी फुटबॉल खेळायचा. मी हैदराबादच्या नारायणगुड्यात राहणारी, पदराला पिन लावून वेळेवर ऑफिस गाठणारी बाई. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. त्याचा आवाज माझ्या कानात पोचला तेव्हा त्याला जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तरी त्यानं हुकूम सोडला आणि मी पाळला. असं का झालं हे कळायला माझं शिक्षण कुठल्या शाळेत झालं ते सांगायला हवं. जामबागेतल्या शाळेत झालं ते वेगळं. खरं शिक्षण साहेबांच्या केबिनमध्ये झालं.

मी स्टेनो होते. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आजी, मग बरी कशी झालीस?” तिला तो आजार वाटला. तेव्हा तिच्यासारख्यांसाठी सांगते. साहेब बोलायचे, आम्ही ते शॉर्टहँडच्या रेघोट्यांमध्ये उतरवायचो आणि मग टाइप करायचो. आता ह्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण साहेब जे बोलतात ते टाइप करते ती टायपिस्ट. साहेबांना जे बोलायला हवं होतं ते टाइप करते ती स्टेनो. आमचा कारखाना सनतनगरच्या बाजूला होता. साहेब रागाच्या भरात एखाद्या डीलरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, आणि कागदावर ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत’ असं यायचं. साहेब सही करताना वाचायचे आणि स्वतःच्याच सभ्यपणावर खूश व्हायचे.

ह्या धंद्यातला दुसरा नियम याहून कडक. बोलता बोलता साहेब म्हणाले, “हे घेऊ नका,” की पेन्सिल उचलायची. मग ते जे बोलतील ते लिहायचं नाही, बाहेर सांगायचं नाही, आणि खरं तर ऐकायचंही नाही. मी ऐकायची, पण चेहरा भिंतीसारखा ठेवून. साहेबांच्या घरची भांडणं, वरच्या साहेबांविषयीची मतं, कोणाला काढायचं ठरलंय, सगळं माझ्या पोटात. मला त्याचा इतका गर्व होता की विचारू नका. अख्ख्या हैदराबादेत माझ्याइतकी झटकन पेन्सिल कोणाचीच उठत नाही, असं मला वाटायचं. पेन्सिल उचलण्याचा गर्व! लोकांना लिहिण्याचा असतो.

मग देश खुला झाला. बाहेरचा माल आला आणि आमच्या कारखान्याचा माल गोदामातच बसला. साहेबांच्या टेबलावर संगणक आला, आणि ते दोन बोटांनी का होईना, स्वतःच टाइप करू लागले. शेवटी आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. म्हणजे स्वेच्छा कंपनीची आणि निवृत्ती माझी. पन्नाशी जवळ आलेली होती. घरी बसून मी आमच्या ह्यांच्या बोलण्यातल्या चुका सुधारायला लागले, तेव्हा ह्यांनीच कुठून तरी खबर आणली की आपल्याच गल्लीपलीकडं, बेकरीच्या वरच्या मजल्यावर, अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करायचं ऑफिस निघालंय. “जा बाई तिकडं,” हे म्हणाले, “तिथल्या डॉक्टरांना सुधार.”

ते मी मनावर घेतलं, हीच तर गोष्ट आहे.

काम असं होतं. तिकडचा डॉक्टर रोगी तपासून झाला की काय आढळलं ते यंत्रात बोलून ठेवायचा. ते आमच्याकडं यायचं. आम्ही कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून परत पाठवायचं. पायाखाली शिलाई मशीनसारखं एक पॅडल. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेनं दाबलं की थोडा मागं. खालून बेकरीतल्या उस्मानिया बिस्किटांचा वास, वर सगळ्या विशी-बाविशीच्या पोरी, आणि त्यांच्यात मी. आमची सुपरवायझर रेहाना. वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी, शालिबंड्याहून स्कूटीवर यायची. ती मला आंटी म्हणायची आणि आंटीच्या चुका लाल शाईनं काढायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं मला बोलावलं. एका डॉक्टरनं सुरुवातीला रोग्याचा डावा गुडघा म्हटलं होतं आणि शेवटी उजवा. मी जुन्या सवयीनं दोन्हीकडं डावा करून टाकला. साहेबांची चूक झाकली.

“आंटी, ये आपने ठीक कर दिया?” रेहानानं विचारलं.

“हौ, वो भूल गया होगा,” मी मोठ्या प्रेमानं म्हणाले.

“भूला तो भूलने दो. निशान लगाके पूछो उसकू. आप ऐसेच ठीक करते बैठे तो वहाँ किसीका अच्छाखासा घुटना खोल डालेंगे लोगां.” मग जरा आवाज खाली आणून, “जो सुना वो लिखो, आंटी. जो सोचा वो नक्को.”

मी मान हलवली. मनात म्हटलं, कालची पोट्टी, मला शिकवते.

पण डॉक्टरमंडळी मजेदार होती. एक जण बोलताना सतत काहीतरी कुरकुरीत खायचा. रोग्याचं हाड मोडलंय की ह्याच्या तोंडातलं बिस्कीट, हे कळायला पॅडल मागं दाबावं लागायचं. एकाचा कुत्रा मधेच भुंकायचा, आणि डॉक्टर त्याला आणि रोग्याला एकाच सुरात धीर द्यायचा. आणि एक म्हातारा सर्जन होता, तो दरवेळी शेवटी म्हणायचा, “हे जी कोणी टाइप करत असेल, तिला धन्यवाद. बाई, जेवून घे.” त्याला कल्पना नव्हती की ती बाई हैदराबादेत आहे आणि जेवण म्हणजे डब्यातली आंबाडीची भाजी आहे. त्याचं काम आलं की आम्ही भांडायचो. कारखान्यात इतकी वर्षं काढली, तिथं ‘जेवून घे’ कोणी म्हटलं नव्हतं.

अशात एक दिवस कॅसेटींचं खोकं आलं. मालकांचे मेहुणे अमेरिकेत, त्यांच्या ओळखीतून. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खाणीच्या गावात एक लहानसं वाचनालय होतं. तिथल्या एका बाईंनी फार पूर्वी गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. विषय एकच: गावाचा फुटबॉल संघ. त्या देशात पैसे घेऊन फुटबॉल खेळण्याची नुकती सुरुवात होत होती, तेव्हा हा संघ निघाला, थोडी वर्षं गाजला आणि बुडाला. त्या बाई वारल्या, म्हातारे तर सगळेच गेले. आता वाचनालयाला ते सगळं कागदावर हवं होतं. कॅसेटींना खरखर फार, आणि बोलणाऱ्यांच्या तोंडात दात नाहीत. पोरींनी नाकं मुरडली. “बुड्ढे लोगां का काम आंटी कू देओ,” रेहानानं निकाल दिला.

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरी ह्यांना विचारलं. हे लहानपणी अनवाणी खेळणाऱ्या हैदराबादी खेळाडूंना बघायला शाळा बुडवून जायचे, त्यामुळं फुटबॉलवर ह्यांचा अधिकार. मी सांगितलं की चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो छातीशी धरून पलीकडच्या टोकाला पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं.

“हातात धरून?” हे ताटावरून उठायच्या बेतात. “मग पंच काय करतो?”

“तोही पळतो.”

“हा खेळ नाही,” हे म्हणाले, “ही लग्नातली पंगत झाली.” पण दुसऱ्या दिवसापासून मी घरी आले की पहिला प्रश्न, “आज काय झालं त्यांच्या सामन्यात?”

काय काय व्हायचं! डोक्याला चामड्याच्या टोप्या, त्याही सगळ्यांना नाहीत; एक बाहेर आला की दुसऱ्याच्या डोक्यावर तीच घामट टोपी. खांदे वाचवायला बायकांनी घरच्या रजया फाडून आत शिवलेल्या. मैदानावरून आधी गाई हाकलायच्या, तरी गाईंनी मागं ठेवलेलं असायचंच, आणि नेमकं त्यातच कोणीतरी आडवं व्हायचं. हिवाळ्यात रात्री गोलचे खांब लोक सरपणाला घेऊन जायचे. एकदा घरी रंगवलेल्या सदऱ्यांचा रंग पावसानं उतरला, दोन्ही संघ सारखेच जांभळे, आणि मग ओळख न पटल्यामुळं आपलाच माणूस आपल्या माणसाला पाडतोय. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट: संघाचा कप्तान गावातला प्रेतं पोचवणारा होता. आगगाडी चुकली की सगळा संघ प्रेताच्या गाडीतून दुसऱ्या गावाला जायचा. वाटेत लोक टोप्या काढून उभे राहायचे, आणि आत हे बारा धटिंगण हसू दाबून पडलेले.

ही सगळी माणसं आठवडाभर खाणीत असायची. एकानं म्हटलं होतं, शनिवारपर्यंत आम्ही उजेडच बघायचो नाही, म्हणून रविवारी एवढं पळायचो.

वॉल्टर त्यातला शेवटचा. त्याच्या कॅसेटीच जास्त होत्या, कारण गडी थांबायचाच नाही. त्याचं इंग्रजी खाणीतलं, ओबडधोबड. माझ्या कानाला ते परभणीकडच्या आमच्या मामासारखं लागायचं, म्हणून मी त्याला तसंच बोलू देणार आहे. हसायचा मात्र असा की सगळी खरखर बुडून जायची. आधी पोटातून, मग खोकला, मग पुन्हा हसू. जेवणाच्या सुट्टीत रेहाना दुसरा हेडफोन लावून माझ्याशेजारी बसायची, नुसतं ते हसू ऐकायला.

वॉल्टर सगळ्यांविषयी बोलला, पण सगळ्यात जास्त मिलरविषयी. मिलर म्हणजे संघाचा हिरा. त्याच्या पायाला माती लागायची नाही, असा पळायचा. मधेच एके ठिकाणी वॉल्टर थांबला. आणि मग त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंना म्हणाला, “ह्ये लिहू नका बरं का, बाई.”

झालं. माझी बोटं टाइप करता करता उठली. पेन्सिल नव्हती, नाहीतर तीही उठली असती.

पॅडल चालूच होतं, पुढचं कानावर पडत राहिलं. “मिलर नावाचं कुणी मानूसच नव्हतं. रविवारी सकाळच्या गाडीनं एक पोरगं उतरायचं, कॉलर वर, टोपी डोळ्यावर. त्यो टेड हॉलिस. मास्तर व्हायाचं शिकत होता. पैशासाठी खेळतो म्हून कालेजाला कळलं असतं तर हाकलला असता त्याला. आन् बाप पाद्री. रविवारी खेळनं म्हंजी त्याच्या लेखी पाप. म्हून मिलर. फोटू काढाया लागले की हा गडी बुटाची नाडी बांधाया वाकायचा.” असं बराच वेळ. मग पुन्हा सामन्यांकडं वळला, आणि मी तिथून टाइप करायला लागले. मधला सगळा तुकडा सोडला. शिवण इतकी सफाईदार घातली की रेहानालाही दिसली नाही. घरी जाताना मी स्वतःवर इतकी खूश होते की खालच्या बेकरीतून बिस्किटं घेतली. साहेब वारले तरी स्टेनो इमानी राहिली!

काम गेलं. वाचनालयानं पसंतीचं कळवलं. आमच्याकडची पद्धत अशी, की काम पसंत झालं की कॅसेटी पुसायच्या आणि नव्या पोरींच्या सरावाचं बोलणं त्यांवर भरायचं. तिकडं मूळ प्रती होत्याच, आमच्याकडं आल्या त्या नकला.

पुढं काही महिन्यांनी रेहानानं हातात ईमेलचा कागद घेऊन सगळ्यांत विचारलं, “आंटी, वो बुड्ढे की कॅसेट में मिलर का कोई दूसरा नाम था क्या?”

मी हेडफोन काढला आणि तिच्या हातातला कागद घेतला.

पत्र हेलन नावाच्या बाईंचं होतं, वाचनालयामार्फत. वय झालेल्या असाव्यात. त्यांनी लिहिलं होतं की गावातल्या जुन्या मैदानावर त्या संघाचा दगड बसवणार आहेत, खेळाडूंची नावं कोरून. त्यांचे वडील टेड हॉलिस आयुष्यभर शाळेत मास्तर होते, पुढं हेडमास्तर झाले, पोरांना खरं बोलायला शिकवत राहिले, आणि फुटबॉलचं नावही घरात निघू देत नसत. शेवटच्या आजारपणात त्यांनी एकदाच लेकीला जवळ बोलावून सांगितलं, “मी मिलर होतो.” भाऊ म्हणाला, ताप डोक्यात गेलाय. डॉक्टरही तेच म्हणाले. हेलनबाईंनी ‘हो बाबा, हो’ म्हणून विषय संपवला. “मी त्यांची समजूत काढली,” त्यांनी लिहिलं होतं, “मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.” आता वाचनालयाचं म्हणणं, वॉल्टरच्या बोलण्यात तसा उल्लेख असेल तर दगडावर नाव घालू. टाइप केलेल्या कागदांत तर काहीच नाही. आणि मूळ कॅसेटी तळघरात नळ फुटून पाण्यात गेल्या. म्हणून शेवटचं विचारणं: तुमच्याकडं ऐकणाऱ्या व्यक्तीला काही आठवतं का? नसेल तर दगडावर ‘मिलर’ एवढंच कोरलं जाईल.

‘आठवून सांगते’ म्हणून मी तिथून सुटले. ‘नाही’ म्हणणंही सोपं होतं. कोणाला कळणार? कॅसेट पुसून गेलेली. माझ्या डोळ्यांपुढं ती बाई येत होती, बापाच्या उशाशी बसून ‘हो बाबा, हो’ म्हणणारी. आपण म्हाताऱ्या माणसांना असंच म्हणतो की.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “पण त्यानं विश्वासानं सांगितलं होतं. लिहू नका म्हणाला होता. तुझं काय चुकलं?”

नवरा पहिल्यांदाच आपल्या बाजूनं बोलतोय आणि आपल्याला ते पटत नाही, हा अनुभव कोणाला आला असेल तर तिला माझी स्थिती कळेल.

दुसऱ्या दिवशी मी रेहानाला जिन्यात गाठलं. पोरींसमोर नको होतं. सगळं सांगितलं. तुकडा होता, मी गाळला, जाणूनबुजून गाळला, चूक माझी. मालकांना सांग, मला काढ, पण त्या बाईंना खोटं कळवू नकोस. लाल शाईची मला तोवर भीती वाटली नव्हती, तेव्हा वाटली.

रेहाना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हटलं, आता कोसळणार. आणि ही पोरगी रडवेलं तोंड करून म्हणते, “आंटी, आप भी गुस्सा नक्को होओ. वो कॅसेट पोंछे नई मैं. मेरे घर पे है.”

“तेरे घर? कायकू?”

“अम्मी सुनते.”

“अम्मी को अंग्रेजी कहाँ आती?”

“नई आती. वो बुड्ढा हँसता नई? अब्बा ऐसाच हँसते थे. बीच में खाँसी, फिर हँसना.” तिचे अब्बा जाऊन वर्ष झालेलं मला माहीत होतं. “अम्मी कू एक बार सुनाने ले गई थी. फिर वापस देने कू जी नई हुआ. चोरी है, मालूम मेरेकू.”

जिन्यात दोन चोर उभे. एकीनं तुकडा चोरला होता आणि एकीनं अख्खी कॅसेट. मला इतकं हसू आलं की मी कठड्याला धरून खाली बसले, आणि मग ती माझ्या गळ्यात पडून रडली. खालून बेकरीवाला विचारायला लागला, “क्या हुआ अम्माजी?”

त्याच संध्याकाळी तिच्या स्कूटीवर मागं बसून मी शालिबंड्याला गेले. तिच्या अम्मींनी टेपरेकॉर्डरवर भरतकामाचा रुमाल घातला होता. कॅसेट हातात देताना म्हणाल्या, “काम हो गया तो वापस लाओ, बहन. आदमी अच्छा है.”

मी पुन्हा कानाला लावलं. आणि ह्या वेळी मी पेन्सिल उचलण्याच्या घाईत जे ऐकलंच नव्हतं ते ऐकलं. ‘ह्ये लिहू नका बरं का, बाई,’ असं वॉल्टर म्हणाला, त्यावर त्या बाईंनी हळूच विचारलं होतं, “मशीन बंद करू का?” आणि वॉल्टर म्हणाला, “असू द्या. चालू असू द्या.” मग खुर्ची करकरली. आणि त्याचा आवाज एकदम मोठा, जवळ आला. तो माइककडं सरकला होता. लिहू नका म्हणणारा माणूस माइकजवळ सरकतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, हे मला इतक्या साहेबांनी शिकवलंच नव्हतं.

त्या तुकड्याचा शेवट असा होता. “शेवटच्या सामन्यात त्याचा खांदा निखळला, तरी चेंडू सोडला न्हाई. पलीकडं जाऊनच पडला. आमी ‘टेड, टेड’ करत पळालो, आन् कुंपनाबाहीर समदं गाव वरडतंय, ‘मिलर, मिलर’. त्यो चिखलात पडून हसला. म्हनला, वॉल्टर, ह्यातलं माझं कोंचं रं?” मग वॉल्टर नेहमीसारखा हसायला लागला, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं.

घरी ह्यांना हे जसं ऐकलं तसं सांगितलं. हे म्हणाले, “टेडला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता त्याला, आणि हे सोबत घेऊन वर जायचंही नव्हतं. टाक लिहून.”

मी अक्षर न् अक्षर लिहिलं. ‘हे लिहू नका’ लिहिलं, ‘असू द्या’ लिहिलं, खुर्ची करकरली तेही चौकटी कंसात लिहिलं. काही सुधारलं नाही. रेहानानं वाचून लाल पेन बाजूला ठेवला. मालकांनी मात्र मला उभं करून पुष्कळ सुनावलं, आणि ते बरोबरच होतं. पण काढलं नाही. त्यांच्या टेबलावर त्या सर्जन डॉक्टरचं पत्र होतं. ‘तुमच्याकडं कोणीतरी फार जपून टाइप करतं’ असं त्यात होतं म्हणे. ते कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. प्रामाणिकपणाचा एवढा मोठा हप्ता नुकताच फेडला होता, थोडी विश्रांती हवी होती.

पुढं मी त्या ऑफिसात बरीच वर्षं काढली. आता ते काम यंत्रच करतं म्हणतात, ऐकतं आणि लिहितं. करो बापडं. खुर्ची करकरली तर त्याला काय कळणार, एवढीच शंका. रेहाना आता स्वतः नानी झाली आहे. तिच्या अम्मी गेल्या, तोवर ती कॅसेट त्यांच्याकडंच होती; आम्ही वाचनालयाला नक्कल करून पाठवली आणि ती परत नेऊन दिली. ह्या बाया, तो वॉल्टर, तो ‘जेवून घे’ म्हणणारा डॉक्टर, ही सगळी मला कारखान्यानं घरी बसवलं म्हणून भेटली. तेव्हा मी त्या कारखान्याच्या फाटकापाशी रडले होते. काय रडूबाई होते मी!

राहिला तो एक फोन. कागद पाठवून काही दिवस झाले होते. संध्याकाळची वेळ, तिकडं सकाळ. रेहाना धावत आली, “आंटी, अमरीका से फोन, हेलनबाई. जिसने टाइप किया उसीसे बात करना बोलते.” आयुष्य इंग्रजी टाइप करण्यात गेलं, पण गोऱ्या माणसाशी फोनवर मी कधी बोलले नव्हते. त्यात आमच्या ऑफिसात नियम: अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी बोलताना, पत्र लिहिताना, त्यांना उच्चारायला सोपं जाईल असं नाव सांगायचं. पोरींनी एलिझाबेथ, जेनिफर अशी नखरेल नावं आधीच पटकावली होती, माझ्या वाट्याला सुझन आली होती. रेहानानं फोन हातात देताना डोळ्यांनीच बजावलं.

“गुड मॉर्निंग मॅडम, धिस इज सुझन,” मी जामबागेच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले.

पलीकडून एक थकलेला, थोडा खरखरीत आवाज आला. त्यांनी सांगितलं की दगड बसला. वर ‘टेड हॉलिस’ कोरलंय आणि खाली लहान अक्षरांत ‘रविवारी मिलर’. भाऊ काठी टेकत आला होता. त्यानं ते कागद तिथंच उभं राहून वाचले, मग दगडावर हात ठेवला आणि परत जाईपर्यंत उचलला नाही. मी “येस मॅडम, येस मॅडम” करत राहिले, दुसरं काही सुचेना. मग त्यांनी विचारलं की वॉल्टरला ऐकणारी ती तूच का. मी म्हटलं, “येस मॅडम. सुझन.”

मग हेलनबाई हसल्या. त्या जे म्हणाल्या ते मी मराठीत आणलंय, पण त्यात एक शब्द घातलेला नाही आणि एक गाळलेला नाही:

“सुझन म्हणे! हे बघ बाई, आमच्या घरातलं एक खोटं नाव निस्तरायला दोन पिढ्या गेल्या, आणि माझ्यापाशी आता तेवढा वेळ नाही. तुझं खरं नाव सांग. आणि सावकाश सांग, मला ते नीट म्हणता यायला हवं.”